वावराचं काय ऐकतोय?

चि. गौरव यास,


काल तुझी आई फोनवर रडली. तू म्हणे दाजींना तक्ता दाखवलास: चौरस किलोमीटरला वाशीम जिल्हा 244 माणसं, पुणे 603, मुंबई उपनगर 20,980. वर म्हणालास, आपल्याकडे माणूसच नाही, भाव कधी येणार? वावर विका, पुणं अजून मोकळं आहे, तिथं प्लॉट घेऊ. खरं आहे का हे?

आकडे 2011 च्या जनगणनेचेच आहेत, चूक नाही. पण 603 हा अख्ख्या पुणे जिल्ह्याचा. त्यात भोर-वेल्ह्याचे डोंगर आले, पानशेत-मुळशीचं पाणी आलं. उपनगर बहुतेक सगळं शहर, तरी त्यात बोरिवलीचं जंगल धरलंय. शहराशी शहर लाव. महापालिकेची माणसं, भागिले त्याच सालची तिची हद्द. पुण्यात 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं घेतली. 2011 ची माणसं आजच्या हद्दीनं भागशील तर पुणं आहे त्याहून मोकळं दिसेल. पुण्यात चौघं एका खोलीत झोपता तुम्ही, आणि 603 लिहिताना हात थांबला नाही? या तक्त्यावर बापाचं वावर विकायला निघालास!

1991 ला मी प्रगणक होतो. वाशीम तेव्हा अकोल्यातच. फेब्रुवारीत मानोऱ्याकडच्या एका तांड्यातली माणसं ऊसतोडीला गेलेली. एका दाराला कुलूप होतं. एस.टी. चुकेल म्हणून ‘बंद’ लिहिलं आणि निघालो. पुन्हा फेरी मारायची होती, मारली नाही. नंतर कळलं, मागच्या गोठ्यात म्हातारी होती. किल्ली तिच्याच कनवटीला. तिची मोजणी माझ्यामुळे राहिली. आपल्याकडचा कुठलाही आकडा वाचला की मला ते कुलूप दिसतं.

माणूस नाही असं नाही रे. पोटासाठी बाहेर असतो, तुझ्यासारखा.

वावराचं दाजींशी मी बोलतो, तू आता तो विषय काढू नको. रागावलो, मनावर घेऊ नको. तुझी घुसमट होते तिथं, हे मला आधी कळायला हवं होतं. पेन्शनमधून महिन्याला दोन हजार पाठवतो, दोघांचीच खोली बघ. आईला सांगू नको. सोयाबीन सोंगून झालंय, दिवाळीला ये. तुझी खाट अंगणात आंब्याखालीच टाकतो.

तुझा,
मामा