लॅपटॉपची खरी किंमत आणि भिलाईचा उन्हाळा

भिलाई पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. अशा भट्टीतून निघणाऱ्या लोहरसाचे तापमान सुमारे दीड हजार अंश सेल्सिअस असते. तरीही भट्टीच्या भिंती वर्षानुवर्षे टिकतात, कारण त्यांना लागून सतत पाणी खेळते राहते आणि उष्णता वाहून नेते. यंत्राचे आयुष्य त्याच्या शीतकरणावर अवलंबून असते, हे या पोलादनगरीतील रहिवाशांना वेगळे सांगावयास नको. घरातल्या टेबलावरील लॅपटॉपलाही हाच नियम लागू पडतो. मात्र खरेदीच्या वेळी त्याकडे सहसा दुर्लक्ष होते.

खरी किंमत कोणती?

बँकेच्या ग्राहकांना घसारा ही संकल्पना परिचित आहे. समजा, ४०,००० रुपयांचा लॅपटॉप तीन वर्षांत निकामी झाला. तर वार्षिक खर्च सुमारे १३,३३३ रुपये पडला. ५६,००० रुपयांचा लॅपटॉप सात वर्षे चालला, तर तोच खर्च ८,००० रुपये होतो. याचा अर्थ महाग वस्तू टिकतेच असा नव्हे. किमतीला वापराच्या वर्षांनी भागावे आणि मग तुलना करावी, एवढाच याचा मथितार्थ.

निवड करताना

प्रथम आपली गरज निश्चित करावी. पत्रव्यवहार, हिशेब, ऑनलाइन वर्ग आणि बँकिंग यांसाठी सुमारे १५ वॉटचा प्रोसेसर पुरेसा असतो. खेळांसाठी किंवा अभियांत्रिकी आरेखनासाठी बनविलेल्या लॅपटॉपमधील प्रोसेसर ४५ वॉट किंवा अधिक वीज घेतो. ग्राफिक्स कार्डाची वीज निराळी. ही सारी वीज अखेरीस उष्णतेतच परिवर्तित होते. म्हणजेच गरजेपेक्षा अधिक शक्तिमान यंत्र घेणारा ग्राहक पैसे मोजून उष्णता घरी आणतो.

रॅम किमान ८ जीबी, शक्य तर १६ जीबी असावी आणि साठवणुकीसाठी एसएसडी असावी. रॅम पुढे वाढविता येते की ती कायमची जोडलेली आहे, तसेच बॅटरी आणि पंखा बदलून मिळतो का, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. लॅपटॉप उलटा करून हवेचे झरोकेही पाहावेत. जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी तो विंडोज ११ वर चालतो याची खात्री करावी, कारण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह असणे आवश्यक आहे. चिन्हाविना स्वस्तात मिळणारा चार्जर घेऊ नये.

पैशांची व्यवस्था

‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दांनी हुरळून जाऊ नये. समजा, ५४,००० रुपयांचा लॅपटॉप रोखीने ५१,००० रुपयांत मिळतो आणि हप्त्याने मात्र ६,००० रुपयांप्रमाणे नऊ महिने भरावे लागतात. येथे गमावलेली ३,००० रुपयांची सूट हेच व्याज होय. त्याचा दर वार्षिक सुमारे १४ टक्के पडतो; प्रक्रिया शुल्क निराळे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत, अभ्यासक्रमासाठी संगणक आवश्यक असल्यास त्याचा वाजवी खर्च इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अंतर्भूत होऊ शकतो. कर्जाचा अर्ज करतानाच याविषयी शाखेत विचारणा करावी.

उष्णता बाहेर कशी पडते?

प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी बंद नळी बसविलेली असते. तिच्यातील किंचित द्रवाची उष्णतेने वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन थंड होते आणि द्रवरूपात परत येते. त्या टोकाच्या पातळ पात्यांवरून पंखा हवा फेकतो. हे शीतकरण खोलीतील हवेवरच अवलंबून असल्याने खोली २५ अंशांवरून ३८ अंशांवर गेली, की आतील तापमानही जवळपास तेवढेच वर सरकते. प्रोसेसर साधारण १०० अंशांजवळ पोहोचला, की स्वतःच्या रक्षणासाठी आपली गती घटवितो. उन्हाळ्यात लॅपटॉप ‘मंद’ झाल्याची तक्रार पुष्कळदा यातूनच उद्भवते. अनेक कंपन्या वापरासाठी ३५ अंशांची कमाल मर्यादा सांगतात. मे महिन्यात भिलाईची दुपार ती सहज ओलांडते.

दैनंदिन काळजी

१. लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा मांडीवर ठेवून वापरू नये. कठीण सपाट पृष्ठभागावर ठेवून मागील बाजू थोडी उंच करावी.

२. जड कामे सकाळी किंवा रात्री करावीत.

३. कूलरच्या थेट झोतासमोर लॅपटॉप ठेवू नये. त्या हवेबरोबर ओलावा आणि कधी तुषारही येतात. खोलीतील हवा मात्र खेळती ठेवावी.

४. झरोक्यांतील धूळ ठरावीक काळाने, यंत्र बंद करून, हलक्या हवेने काढावी. दोन-तीन वर्षांनी जाणकाराकडून आतील स्वच्छता करून घ्यावी आणि प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप बदलावा.

५. उष्णता आणि सदैव पूर्ण भरलेली स्थिती या दोहोंमुळे लिथियम बॅटरी लवकर झिजते. सोय असल्यास भरणाची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी. उन्हात उभ्या मोटारीत लॅपटॉप कदापि ठेवू नये.

६. तळ किंवा टचपॅड फुगलेला दिसल्यास बॅटरी फुगल्याचा संशय घ्यावा. वापर आणि चार्जिंग तत्काळ थांबवावे, बॅटरी दाबू किंवा टोचू नये व अधिकृत सेवा केंद्रात दाखवावे. निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये.

यांपैकी बहुतेक उपायांना पैसा लागत नाही, लागते ती थोडी शिस्त. तिच्यामुळे यंत्राचे आयुष्य दोन वर्षांनी जरी वाढले, तरी चार वर्षे चालणारा ४८,००० रुपयांचा लॅपटॉप सहा वर्षे चालेल आणि त्याचा वार्षिक खर्च १२,००० रुपयांवरून ८,००० रुपयांवर येईल. एवढी सूट कोणताही विक्रेता सहसा देणार नाही.