अन्ननलिकेतील कर्करोगपूर्व बदल : उपचारानंतरची पुनर्तपासणी

तुंगार्ली, लोणावळा आणि मावळातील गावांतून आमच्याकडे येणारे रुग्ण दुर्बिणीच्या तपासणीचे नाव काढले की एक प्रश्न हमखास विचारतात : ‘डॉक्टर, सगळे काढून टाकले, बायॉप्सीही चांगली आली, त्रास काही नाही, मग पुन्हा नळी कशाला?’ प्रश्न रास्त आहे. तपासणीसाठी उपाशी राहायचे, सोबत माणूस न्यायचा, एका दिवसाची मजुरी बुडवायची आणि हाती ‘काही नाही’ असा कागद घेऊन परत यायचे, हे कोणालाही नकोसे वाटणारच. या प्रश्नाचे उत्तर बाह्यरुग्ण विभागातील दोन मिनिटांत नीट देता येत नाही, म्हणून यंदाच्या अहवालात ते सविस्तर देण्याचे आम्ही योजिले आहे.

अन्ननलिकेच्या आतील अस्तर चपट्या पेशींच्या अनेक थरांचे, फिकट गुलाबी रंगाचे असते. जठराचे अस्तर उभट पेशींचे आणि तांबूस असते. जठरातील आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले, तर काही व्यक्तींच्या अन्ननलिकेच्या खालच्या भागातील फिकट अस्तराच्या जागी आतड्याच्या अस्तराशी साम्य असलेले तांबूस अस्तर तयार होते. यास ‘बॅरेटची अन्ननलिका’ म्हणतात. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांनी १९५० साली या विषयावर लेख लिहिला, तेव्हा हा भाग म्हणजे छातीत ओढले गेलेले जठरच होय, असे त्यांचे मत होते. इतरांनी ते चुकीचे असल्याचे दाखविले, १९५७ साली त्यांनी स्वतःही ते सोडले. नाव मात्र त्यांचेच राहिले. या बदललेल्या अस्तरातील पेशींची ठेवण बिघडू लागली की तिला डिस्प्लेजिया म्हणतात. सौम्य, मग उच्च श्रेणीचा आणि त्यापुढे कर्करोग, अशी ही उतरण आहे. ती प्रत्येक जण उतरतोच असे नाही. बहुसंख्य रुग्ण पहिल्याच पायरीवर आयुष्यभर राहतात.

आपल्याकडील चित्र मात्र थोडे वेगळे आहे. महाराष्ट्रात अन्ननलिकेचा जो कर्करोग प्रामुख्याने दिसतो, तो बॅरेटच्या अस्तरातून उद्भवणारा नसून मूळच्या चपट्या पेशींतून उद्भवणारा आहे. त्याचे मुख्य धागेदोरे तंबाखू व मद्य यांच्याशी जुळतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले आणि त्यांपैकी बहुतेक जण ती ओढत नव्हते, तर चघळत किंवा मिश्रीच्या रूपाने दातांना लावत होते. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. सवय बंदीने गेली, असे आम्हांस म्हणवत नाही. चपट्या पेशींच्या या अस्तरातही कर्करोगापूर्वी डिस्प्लेजियाची अवस्था असते. तेव्हा आमच्या वाचकांस दोन्ही प्रकार ठाऊक असणे आवश्यक आहे.

दोन्हींचा उपचार आज बहुधा शस्त्रक्रियेवाचून, दुर्बिणीतूनच करता येतो. उंचवटा किंवा व्रण दिसत असल्यास तेवढे अस्तर कापून काढतात. बॅरेटचा उरलेला सपाट भाग रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळतात. जळलेल्या जागी, आम्ल औषधांनी दाबून ठेवल्यास, पुन्हा मूळचे फिकट अस्तर भरून येते. या उपचाराचा लाभ मोठा आहे. सौम्य डिस्प्लेजिया असलेल्या १३६ रुग्णांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांपैकी २६.५ टक्के रुग्ण तीन वर्षांत उच्च श्रेणीपर्यंत अथवा कर्करोगापर्यंत पोहोचले; जाळण्याचा उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण १.५ टक्के होते. हे उपचार पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत होतात. आमच्यासारख्या लहान रुग्णालयाच्या वाट्याला येते ते पुढचे काम, म्हणजे रुग्णास पुन्हा तपासणीस धाडणे. आणि खरे सांगायचे तर तेच अधिक अवघड जाते.

कारण अस्तर बदलले तरी ते बदलविणारी परिस्थिती बदललेली नसते. जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैलच असते, आम्ल वर येतच असते. एकदा पूर्णपणे नाहीसे झालेले बॅरेटचे अस्तर निरनिराळ्या अभ्यासांच्या एकत्रित हिशेबाप्रमाणे दरवर्षी शंभरातील सुमारे सात ते आठ रुग्णांत पुन्हा दिसू लागते. त्यातील बहुतेकांत ते साधे अस्तर असते. डिस्प्लेजियासह परतण्याचे प्रमाण वर्षाला शंभरात सुमारे दोन आहे. आकडा लहान वाटतो, परंतु तो दरवर्षीचा आहे हे लक्षात घ्यावे. वेळीच दिसल्यास बहुतेकांना पुन्हा दुर्बिणीतूनच बरे करता येते.

आता मूळ मुद्दा. हा पुनरुद्भव रुग्णास जाणवत नाही. बॅरेटचे अस्तर आम्लाला मूळच्या अस्तरापेक्षा कमी संवेदनशील असते. त्यामुळे जळजळ थांबणे हे रोग नसल्याचे लक्षण नव्हे. रोजच्या गोळीने जळजळ शमते, त्यावरून तर काहीच निष्कर्ष काढता येत नाही. घास अडकू लागणे हे कर्करोगाचे उशिराचे लक्षण आहे. मात्र उपचारानंतरच्या काही आठवड्यांत घास अडकू लागल्यास घाबरून जाऊ नये. जाळलेल्या जागी व्रण भरून येताना नलिका आकसू शकते आणि ती फुग्याने रुंद करता येते. कारण कोणतेही असो, अशा रुग्णाने घरी थांबू नये, एवढे मात्र निश्चित. रक्ताची कोणतीही तपासणी, छातीचे सी.टी. स्कॅन किंवा बेरियमचे चित्र अस्तरातील हा बारीक बदल दाखवू शकत नाही. दोरीला बांधलेला स्पंज गिळवून पेशी गोळा करण्याची पद्धत केंब्रिजच्या संशोधकांनी विकसित केली आहे; परंतु उपचारानंतरच्या दुर्बीण तपासणीची जागा तिने घेतलेली नाही.

दुर्बीण घातल्यावर पाहायचे कोठे, हेही अनुभवाने ठरत गेले आहे. बॅरेटचा पुनरुद्भव बहुतेक वेळा अन्ननलिका व जठर यांच्या सांध्यापाशी, अन्ननलिकेच्या शेवटच्या दोन सेंटिमीटरांत किंवा जठराच्या मुखाशी आढळतो. म्हणून तज्ज्ञ दुर्बिणीचे टोक जठरात उलटे वळवून सांधा खालूनही न्याहाळतात, अरुंद पट्ट्याचा निळा-हिरवा प्रकाश वापरून अस्तरावरील नक्षी व केशवाहिन्या पाहतात आणि काही दिसो वा न दिसो, सांध्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे निरनिराळ्या बाटल्यांत पाठवितात. वरून सुदृढ दिसणाऱ्या नव्या अस्तराखाली जुन्या ग्रंथी दडून राहू शकतात, हे यामागचे आणखी एक कारण होय. २००९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात उपचारापूर्वी सुमारे २५ टक्के रुग्णांत आढळलेल्या अशा ग्रंथी जाळण्याच्या उपचारानंतर एका वर्षाने सुमारे ५ टक्क्यांत उरल्या होत्या.

येथे औषधांचा संबंध येतो. आम्लाने सुजलेल्या अस्तरातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेल्या पेशींसारख्या दिसू शकतात. तपासणीपूर्वी गोळ्या परस्पर बंद करणाऱ्या रुग्णाचा अहवाल म्हणूनच ‘अनिश्चित’ येण्याचा संभव असतो. मग पुन्हा औषध, पुन्हा दुर्बीण. डिस्प्लेजियाचे निदान दुसऱ्या अनुभवी विकृतिशास्त्रज्ञाने पडताळावे, असा संकेत आहे तो यासाठीच.

चपट्या पेशींच्या प्रकारात पाहण्याची रीत निराळी आहे. फ्रेंच वैद्य लुगोल यांनी १८२९ साली तयार केलेले आयोडीनचे द्रावण अन्ननलिकेत फवारतात. निरोगी पेशींतील ग्लायकोजेन आयोडीनने तपकिरी होते. बिघडलेल्या पेशींत ते कमी असल्याने तेवढा भाग फिका राहतो. फवारणीने छातीत जळजळ होते, पण ती सोडियम थायोसल्फेटने धुऊन शमविता येते. आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा विकार असल्यास रुग्णाने आधीच सांगावे. दुर्बिणीतून उपचार केलेल्या प्रारंभिक कर्करोगाच्या ३३० रुग्णांचा जपानमधील अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे फिके डाग मुळीच नसलेल्यांपैकी ४ टक्के, तर खूप डाग असलेल्यांपैकी जवळजवळ २५ टक्के रुग्णांत दोन वर्षांच्या आत अन्ननलिकेत दुसरीकडे नवा कर्करोग आढळला. मद्य सोडणाऱ्यांत हा धोका निम्म्याने कमी होता. म्हणजे एक जागा बरी झाली तरी सारे शेत तेच असते. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगातून बरे झालेल्यांनी अन्ननलिकेचीही विचारणा डॉक्टरांकडे करावी, आणि अन्ननलिकेच्या रुग्णांनी प्रत्येक भेटीत तोंड तपासून घ्यावे.

तपासणी किती दिवसांनी करावी? बॅरेटच्या उच्च श्रेणीच्या डिस्प्लेजियानंतर पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी. सौम्य श्रेणीनंतर पहिल्या व तिसऱ्या वर्षी आणि पुढे दर दोन वर्षांनी, असे अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली सुचविले आहे. ही मुदत जाळणे पूर्ण झाले त्या दिवसापासून नव्हे, तर दुर्बीण व बायॉप्सी या दोन्हींत अस्तर स्वच्छ ठरले त्या दिवसापासून मोजावयाची असते. प्रकृती फार खालावलेल्या वृद्धांच्या बाबतीत तपासणी थांबविणेही योग्य ठरू शकते. ते डॉक्टरांशी बोलून ठरवावे. चपट्या पेशींच्या रुग्णांचे वेळापत्रक डागांवरून व सवयींवरून उपचार करणारे तज्ज्ञ ठरवितात.

पावसाळ्यात आमच्याकडील रुग्ण तपासणी पुढे ढकलतात. घाटात कोसळणारा पाऊस पाहता त्यांना दोष देववत नाही. तारीख घेतानाच जून ते सप्टेंबर टाळून, अलीकडची म्हणजे मे महिन्यातील मागून घ्यावी, दिवाळीनंतरची नव्हे. गुंगीचे औषध दिले जाते, तेव्हा परतीला मोटारसायकल चालवू नये. सोबत्यास घेऊन गाडीने यावे. आणि जुनी फाइल न्यावी. नुसता निष्कर्षाचा कागद नव्हे, तर पहिल्या दुर्बिणीची छायाचित्रे, दातांपासून किती सेंटिमीटरवर काय आढळले याची नोंद, आणि बायॉप्सीच्या काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे मिळाल्यास तेही. रुग्णालय बदलले असल्यास नव्या तज्ज्ञांस पूर्वीची जागा शोधण्यास दुसरे साधन नसते. या नोंदी मिळविण्यासाठी पत्र हवे असल्यास ते आमच्या बाह्यरुग्ण विभागात लिहून दिले जाते.