पुरूरव्याची सुटका

भागवताच्या एकादश स्कंधांत २६ वा अध्याय ऐलगीतेचा. नाथमहाराजांनीं तो मराठींत उलगडला आहे. उर्वशी सोडून चालली, तेव्हां पुरूरवा राजा उघडानागडा रडत तिच्यामागें धांवला. सम्राट, आणि ही दशा! पुढें भानावर आल्यावर मात्र त्यानें तिला दोष दिला नाहीं. दोरीला साप समजून कुणी भ्यालें, तर दोरीचा काय अपराध? मोह माझाच, असें तो म्हणाला.

आपलेंहि असेंच होतें बघा. एकाशीं फाटतें, दुसऱ्याशीं जुळतें. पण तोच संशय, तीच लाचारी. माणूस बदलतें, खोड बदलत नाहीं. ती आधीं ओळखावी.

मात्र मार खाणाऱ्या लेकीनें स्वतःलाच दोष द्यावा, असा याचा अर्थ नव्हे. मारहाण सोसणें हें प्रेम नव्हे, पातिव्रत्यहि नव्हे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा तिच्या पाठीशीं आहे.

संत आपल्या बोलण्यानें मनाची गुंतवळ तोडतात, असें त्याच अध्यायांत भगवान् उद्धवाला सांगतात. तेव्हां दिंडींतल्या मायबहिणींनो, तिला "सोसून घे" म्हणूं नका. तिची गांठ सुटेल असें बोला. सत्संग तो हाच.

रामकृष्णहरि.