मे महिन्यात अंदमान : जावं की थांबावं?

प्रश्न : मुलांच्या सुट्टीत, मे अखेरीस आई-वडिलांसह सहा दिवस अंदमानला जायचं आहे. बेत कसा आखावा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मे अखेर टाळलेलीच बरी. नैऋत्य मोसमी वारे केरळच्या आधी अंदमानात पोहोचतात, बहुधा मेच्या तिसऱ्या आठवड्यातच. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि सगळं वेळापत्रक कोलमडतं. डिसेंबर ते एप्रिलचा पूर्वार्ध हा सुखाचा काळ. मुलांची नाताळची सुट्टी त्यात बसते, मात्र गर्दी आणि भाडं दोन्ही चढं असतं.

सहा दिवसांत फार बेटं कोंबू नयेत. दोन रात्री पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), दोन रात्री हॅवलॉक म्हणजेच स्वराज द्वीप, आणि शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअरलाच. परतीच्या विमानाच्या दिवशीच हॅवलॉकहून बोटीने निघण्याचा ‘पॅकेज’वाल्यांचा सल्ला सरळ धुडकावावा, बोट रद्द झाली तर विमानही गेलंच.

घड्याळ भारताचं, पण सूर्य मात्र तिथला. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. त्यामुळे हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर चारलाच पोहोचावं. ज्येष्ठांसाठी सकाळची बोट निवडावी, उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवावी. रोख रक्कमही लागते.

पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलला मात्र घाई नको. तिथे कैदेत राहिलेल्या सावरकरांचं भगूर नाशिकजवळचंच, त्यामुळे आई-वडील त्यांच्या कोठडीपाशी रेंगाळणारच. आणि हो, शंखशिंपले, प्रवाळ उचलू नयेत. तिथल्या जारवा आदिवासींचे फोटो काढणं तर गुन्हाच आहे.