अदृश्य किरणांवर पहारा

इ. स. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले आणि शरीर न कापता आतले हाड दिसू लागले. परंतु हे किरण डोळ्यांस दिसत नाहीत, त्वचेसही जाणवत नाहीत. त्यामुळे आरंभीच्या कित्येक डॉक्टरांनी बोटे गमावली. काहींनी तर प्राणही गमावले.

१९१९ साली ईडिथ क्विम्बी नावाच्या भौतिकशास्त्रज्ञ विदुषी न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. रोग्यास किती किरण मिळतात, याचे त्या मोजमाप करीत. पण त्याच्याजवळ वावरणाऱ्या सेवकांवर किती पडतात, हे कोण मोजणार? त्यासाठी त्यांनी छायाचित्राची फिल्म वापरली. ती खिशात बाळगावयाची. किरण पडले की ती काळवंडते. काळेपणा जितका गडद, तितकी मात्रा अधिक. केवढी साधी युक्ती!

१९४३ मध्ये त्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या. किरणांजवळ थोडाच वेळ थांबावे, मध्ये शिशाचा आडोसा असावा, आणि दूर राहावे, असे हे शास्त्र सांगते. लहानशा उगमापासूनचे अंतर दुप्पट केले, तर मारा एक चतुर्थांशच उरतो.

आजही विद्यापीठांच्या रुग्णालयांत किरणांजवळ काम करणारे छातीवर लहानसा बिल्ला लावतात. ठरावीक मुदतीनंतर तो तपासला जातो, आणि मात्रा वाढलेली आढळल्यास लगेच कारणाचा शोध सुरू होतो.