पहिली नोकरी काजूच्या कारखान्यातून?

प्रश्न : मी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अनुभव नाही म्हणून कुणी घेत नाही. पुण्याला जाऊन महागडा क्लास लावू का?
– एक विद्यार्थिनी, चंदगड

उत्तर : आत्ता नको. आईवडिलांचे पैसे क्लासात घालण्याआधी आपल्याच तालुक्याकडे बघ. चंदगडला काजूप्रक्रियेचे कितीतरी छोटे कारखाने आहेत. कच्ची बी किती आली, गर किती निघाला, त्यात डब्ल्यू-२४० किती आणि डब्ल्यू-३२० किती, हा हिशेब ठेवावाच लागतो. (हा आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात ते.) एखाद्या कारखानदाराला भेट, आठवडाभर त्यांची वही समजून घे आणि प्रतवारीचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्रॅम लिहून दे. पायथॉन आणि एसक्यूएल एवढ्यावर तो होतो. मोबदला थोडा का होईना, ठरवून घे. फुकट काम करू नकोस.

तो प्रोग्रॅम खरी नावे आणि आकडे काढून गिटहबवर ठेव. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा यावर जास्त बोलता येतं. कारखानदार रोज काय चुकतं म्हणाला आणि तू ते कसं सुधारलंस, हे सांग. अर्ज करताना बेळगाव विसरू नकोस, ते कोल्हापूरपेक्षा जवळ आहे.

पदवीनंतर १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनासह प्रशिक्षण मिळू शकतं. त्यासाठी केंद्र सरकारच्या ‘नॅट्स’ पोर्टलवर नोंदणी कर. आणि नोकरीसाठी आधी ‘डिपॉझिट’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस.