दरड कोसळण्यापूर्वी नकाशा वाचा

मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणी घाट आहे. २५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत तेथे ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुणे शहरात वर्षभरात सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. एवढे पाणी मुरल्यावर डोंगरउतारावरील मातीचे काय होते?

बेसॉल्ट खडक झिजून झालेला माती-मुरमाचा थर उतारावर टिकून राहतो तो घर्षणामुळे आणि कण एकमेकांना धरून असल्यामुळे. पाणी मुरले की थराचे वजन वाढते. शिवाय कणांमधील पाण्याचा दाब त्यांची एकमेकांवरील पकड सैल करतो. घर्षण अपुरे पडताच थर घसरतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातीलच आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर अशी दरड कोसळून १५१ माणसे मरण पावली.

धोका कोठे आहे?

धोक्याची पहिली खूण म्हणजे तीव्र उतार. तो स्थलदर्शक नकाशावरून मोजता येतो. ज्या ठिकाणी समोच्चरेषा दाटीने असतात, तेथे उतार तीव्र असतो. पण नकाशा अचूक होण्यासाठी दुर्गम कड्यांची उंचीही कळली पाहिजे. २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट–१ या भारतीय उपग्रहावर दोन कॅमेरे होते. एक पुढे झुकलेला, दुसरा मागे. आपल्या दोन डोळ्यांना जशी खोली समजते, तशी त्या दोन चित्रांवरून डोंगराची उंची काढता येते. उतार, खडक, मातीची जाडी, ओढे आणि जुन्या दरडींच्या खुणा एकत्र मांडल्या की धोक्याच्या जागांचा नकाशा तयार होतो.

ढगांतून पाहणारे रडार

पावसाळ्यात साध्या कॅमेऱ्याला ढग आड येतात. रडारच्या लहरी मात्र ढगांतून पार जातात. माळीणच्या दुर्घटनेला अकरा वर्षे झाली त्याच दिवशी, ३० जुलै २०२५ रोजी, श्रीहरिकोटा येथून निसार हा भारत-अमेरिकेचा उपग्रह सोडण्यात आला. तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवरून जातो. दोन फेऱ्यांतील परावर्तित लहरींची तुलना केली, की जमीन काही सेंटिमीटर सरकली असली तरी ते समजू शकते.

मात्र १२ दिवसांच्या मधल्या काळात दरड काही क्षणांत कोसळू शकते. म्हणून उपग्रह एकटा पुरेसा नाही. नकाशा धोका कोठे आहे ते सांगतो. तो केव्हा वाढला हे पर्जन्यमापकावरून कळते. उताराला पडलेली नवी भेग, कललेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला झरा या खुणा गावकऱ्यांनाच प्रथम दिसतात. अशा खुणा दिसताच गाव सोडून सुरक्षित जागी जावे आणि तहसील कार्यालयाला कळवावे. ती सुरक्षित जागा व तेथे जाण्याची वाट पावसाळ्यापूर्वीच नकाशावर ठरवून ठेवली पाहिजे.

करून पाहा

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. लगतच्या दोन समोच्चरेषांत २० मीटर उंचीचा फरक आहे. एके ठिकाणी ४ मिलिमीटर अंतरात सहा रेषा आहेत, पहिली सुरुवातीला व सहावी शेवटी. म्हणजे २०० मीटर अंतरात १०० मीटर चढ, सुमारे २७ अंशांचा उतार. आपल्या गावाच्या नकाशावर असा उतार कोठे आहे आणि त्याच्या पायथ्याशी किती घरे आहेत, ते शिक्षकांच्या मदतीने शोधा.